तारण ठेवलेली अब्रू

कर्ज थकलेला माणूस ओळखायला मला खातेउतारा बघावा लागत नाही. दारातून आत येतानाच कळतं. तो गर्दी ओसरल्यावर येतो, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. काउंटरवर हात टेकत नाही. पासबुक पिशवीतून काढण्याआधी एकदा मागे वळून बघतो, ओळखीचं कुणी आहे काय. मग काचेखालच्या व्याजदराच्या तक्त्यावर नजर लावून बोलायला लागतो. तक्ता तो वाचत नसतो. माझ्या डोळ्यांत बघायचं नसतं, म्हणून नजरेला कुठंतरी जागा हवी असते, एवढंच.

बेळगावातल्या एका छोट्या पतसंस्थेत मी कर्जविभाग बघते. सभासद बहुतेक वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूर या बाजूचे. मागवाले, भाजीवाले, शिवणकाम करणाऱ्या बायका, गवंडी, चोर्ला घाटातून गोव्याला ये-जा करणारे ड्रायव्हर. यांच्यासमोर वर्षानुवर्षं बसून माझं एक मत झालंय. रकमेचा प्रश्न बहुतेक वेळा सुटण्यासारखा असतो. मुदत वाढवता येते, हप्ता लहान करता येतो, एकरकमी परतफेडीत व्याज सोडता येतं. अडतं ते लाजेपाशी. आणि त्या लाजेबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, कारण तिच्याबद्दल बोलायचीसुद्धा लाज वाटते.

दोन सभासद आठवतात. एक बाई वडगावात कांड्या भरायचं काम करायच्या. खुर्ची ओढून सरळ समोर बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तीन हप्ते चुकलेत. माग बंद हायत, आठवड्यात दोन दिस काम मिळतंय. काय करूया सांगा." आम्ही कागदावर आकडे मांडले, हप्ता अर्ध्यावर आणला, मुदत वाढवली. बाई उठल्या, "येतो मग" म्हणून गेल्या. दुसरा एक तरुण, पगारदार. त्याची थकबाकी या बाईंच्या निम्मीसुद्धा नव्हती. त्याने मोबाईल नंबर बदलला, मग घर बदललं. नोटीस जामीनदाराला गेली. जामीनदार त्याचा शाळेपासूनचा मित्र. आता दोघं एकमेकांना बघून रस्ता बदलतात.

दोघांचीही चूक म्हटली तर तीच होती, हप्ता चुकला. पण बाईंचं मन चुकलेल्या हप्त्याकडे लागलं होतं आणि त्या पोराचं स्वतःकडे. बाईंच्या डोक्यात चालू होतं, हे निस्तरायचं कसं. त्याच्या डोक्यात, आता लोक मला काय समजणार. हेलन ब्लॉक लुईस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७१ साली हा फरक नीट मांडला. केलेल्या कृत्याची टोचणी माणसाला भरपाईकडे ढकलते, तर लाज अख्ख्या माणसालाच नापास करते. मग भरपाई करणार कोण? पुढे जून टँगनी यांनी या विषयावर बरीच वर्षं संशोधन केलं. त्यातली एक गोष्ट आमच्या वसुलीच्या पोरांना मी मुद्दाम सांगते. लाजेत बुडालेला माणूस पुष्कळदा रागावून अंगावर येतो, दोष दुसऱ्यावर ढकलतो. दारात गेल्यावर जो सगळ्यांत मोठ्याने शिव्या घालतो, तो माजलेलाच असेल असं नाही. बऱ्याचदा आतून तो सगळ्यांत जास्त खचलेला असतो.

लाज पहिल्यांदा अंगाला कळते, डोक्याला उशिरा. कानशिलं तापतात, मान आपोआप खाली जाते, तोंडाला कोरड पडते, पोटात खड्डा पडतो. डार्विनने १८७२ साली भावनांवरच्या आपल्या ग्रंथात लाजून लाल होण्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. माणसाच्या सगळ्या आविर्भावांत हा सगळ्यांत जास्त माणसाचा, असं त्याला वाटलं होतं. २००४ मध्ये सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी या दोघींनी ताणावरचे २०८ प्रयोग एकत्र तपासले. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात रक्तात वाढणारं संप्रेरक, सगळ्यांत जास्त कधी चढतं? जेव्हा माणसाला चार लोकांसमोर जोखलं जातं आणि त्यावर त्याचा काही इलाज चालत नाही. म्हणजे "चार लोकांत मान खाली गेली" असं आपण म्हणतो तेव्हा रक्तातसुद्धा काहीतरी घडलेलं असतं. त्या क्षणी माणसाला "लाजायचं काय त्यात" असं सांगून उपयोग होत नाही. आधी अंग निवू द्यावं लागतं. मी पाणी देते. फाईल शोधायचं निमित्त करून दोन मिनिटं उठून जाते.

आता गटाच्या कर्जाबद्दल लिहिते. लाजेचा पैशासाठी वापर कसा होतो, हे मला तिथं सगळ्यांत उघडं दिसलं.

आमच्या गल्लीत आठवड्याला एका सकाळी बैठक भरते. कुणाच्या तरी पडवीत चटई घालतात, बायका ओळीने बसतात, वसुलीचा पोरगा मोटारसायकलवरून येतो, नोटा मोजतो, मोबाईलवर नोंद करतो. बांगलादेशात १९८३ मध्ये ग्रामीण बँक स्थापन झाली, आणि तिच्या गटकर्जाची ही रीत पुढे जगभर पसरली. मी तिला सरसकट नावं ठेवणार नाही. जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, अंगावर मणी-मंगळसूत्र सोडून सोनं नाही, अशा बाईला बँक दारात उभी करत नव्हती तेव्हा या कर्जातून शिलाई मशिनी आल्या, पोरांच्या फी भरल्या गेल्या. विनातारण कर्ज म्हणतात त्याला. पण तारण असतं. एकीने हप्ता चुकवला की गटातल्या बाकीच्यांनी भरायचा असा नियम, म्हणजे बाईची चार घरांतली अब्रूच तारण असते. सोनं असेल तर लिलावाची नोटीस काढावी लागते. अब्रूला नोटीस लागत नाही. दारात जाऊन बसलं की झालं.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या दारात असं बसलेलं मी बघितलंय. काकांचे दोन माग बंद पडले होते. काकूंनी एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटातून उचललं, दुसऱ्याचा भरायला तिसऱ्यातून. तिसरं कर्ज काकांना माहीत नव्हतं. त्या सकाळी पाच-सहा बायका कट्ट्यावर येऊन बसल्या. सगळ्या ओळखीच्या, हळदीकुंकवाला एकमेकींकडे जाणाऱ्या. वसुलीचा पोरगा लांब गाडीवर बसून फोन बघत होता. मला आजही आठवतं ते त्या बसलेल्या बायकांचं. एक सतत पदर सारखा करत होती. एक पायाच्या अंगठ्याने फरशीची कड खरवडत होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. लाज द्यायला आलेल्या बायकासुद्धा लाजेनेच अर्ध्या झाल्या होत्या. त्यांचेही पैसे अडकणार होते म्हणून त्या आल्या होत्या, आणि पुढच्या महिन्यात आपल्याही दारात हेच बसतील हे त्यांना कळत होतं.

काकू आत कडी लावून बसल्या होत्या. नंतर त्यांनी मला सांगितलं, त्या दिवशी त्यांनी भात कुकरात लावला नाही, पातेल्यात केला. मी विचारलं, का? म्हणाल्या, "पैसे नाहीत म्हणायचं आणि आत शिट्टी वाजायची? काय म्हटल्या असत्या त्या?"

या एका वाक्याने माझी झोप उडवली. देणं आहे म्हणून बाईला आपण शिजवून खातो याचीसुद्धा लाज वाटावी. हप्त्याच्या कागदावर हे कुठंच लिहिलेलं नसतं, पण वसूल मात्र होत असतं.

२०२५ च्या सुरुवातीला कर्नाटकात मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे अशी छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांच्या, जाचाच्या बातम्या रोज यायला लागल्या. आत्महत्या झाल्या, घरं सोडून माणसं परागंदा झाली. आमच्या जिल्ह्यातल्या बातम्या त्यात होत्याच. फेब्रुवारीत सरकारने अध्यादेश काढला. कर्जदाराच्या मागे मागे फिरणं, घरी जाऊन सतावणं, धमकावणं हे सगळं सक्तीच्या वसुलीत धरलं, आणि त्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड ठेवला. हे व्हायलाच हवं होतं. पण कायदा दारात बसलेल्याला उठवू शकतो. आत बसलेली बाई स्वतःला जे बोलत असते, ते थांबवणारं कलम नाही.

ती काय बोलत असते, हे मी काकूंना विचारलं. बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "घर बुडवणारी. तोंड दाखवायच्या लायकीची नाहीस. असंच काय काय." मी म्हटलं, "काकू, शेजारणीच्या घरात असं झालं असतं तर तिला तुम्ही असं बोलला असता काय?" "न्हाई गं. जेवण नेऊन दिलं असतं." पॉल गिल्बर्ट नावाचे इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ आहेत. करुणेवर आधारलेली एक उपचारपद्धती त्यांनी उभी केली. तिची सुरुवात अशाच एका निरीक्षणातून झाली. त्यांच्याकडे येणाऱ्या माणसांना "यात माझा सगळाच दोष नाही" हे डोक्याने पटायचं, पण मनातल्या मनात ते स्वतःला सांगतानाचा आवाज तसाच, खेकसणारा राहायचा. म्हणून त्यांनी शब्दांबरोबर आवाजाच्या सुरावरही काम केलं. संथ श्वास, आणि आपल्या माणसाशी बोलावं तसं स्वतःशी बोलणं. ऐकायला साधं वाटतं. करायला फार अवघड आहे, कारण स्वतःशी मऊ बोललो तर आपण निर्लज्ज होऊ अशी भीती आपल्या मनात लहानपणीच बसवलेली असते. "लाज वाटत नाही काय?" हा प्रश्न ऐकल्याशिवाय आमच्याकडचं एकही पोर मोठं झालेलं नाही.

सीमाभागात तर हे शिक्षण दोन्ही बाजूंनी मिळतं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तो दिवस इथं अजून कुणी राज्योत्सव म्हणून साजरा करतं, कुणी काळा दिवस म्हणून पाळतं. त्या वादात मी इथं शिरत नाही. मला माझ्या वडिलांबद्दल सांगायचंय.

आमच्या घरी चार माग होते. कामाला येणारे बहुतेक कानडी घरांतले, आणि बाबा दिवसभर त्यांच्याशी कानडीत बोलायचे. हिशेब कानडीत, चेष्टा कानडीत, भांडणसुद्धा कानडीत. एकदा एका कार्यालयात कसल्या तरी दाखल्यासाठी मला घेऊन गेले. अर्ज कानडीत होता, बाबांना वाचता येत नव्हता. त्यांनी तो भरून मिळेल काय म्हणून मराठीत विचारलं. टेबलामागच्या माणसाने मोठ्याने विचारलं, "कन्नड बरंगिल्लेन्री?" म्हणजे, कानडी येत नाही काय हो? रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बाबांना उत्तर देता येत होतं, अगदी फर्मास देता आलं असतं. पण त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. ते अर्जाची घडी घालत राहिले, चौघडी, मग आठघडी. लाज माणसाला येत असलेलीसुद्धा भाषा विसरायला लावते, हे मी त्या दिवशी बघितलं. नंतर कितीतरी वर्षांनी ते २०८ प्रयोगांचं वाचलं तेव्हा मला त्या आठघडीची आठवण झाली.

पुढं मी पुण्याला शिकायला गेले. आपल्या भाषेच्या गावात चाललोय, या आनंदात गेले. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये कुणीतरी विचारलं, जेवलीस का? मी म्हटलं, "मी मगाशीच जेवलो." टेबलावर हशा पिकला. बेळगावकडच्या बायका "मी आलो, मी गेलो" म्हणतात, आमच्या आज्या-पणज्यांपासून. त्या पोरी वाईट नव्हत्या, नंतर त्यातल्या दोघी माझ्या जिवाभावाच्या झाल्या. पण त्या रात्रीपासून पुढचे कित्येक महिने मी प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून मग बोलायचे. घरी फोनवर "आलो-गेलो", फोन ठेवला की "आले-गेले". आपली जीभ आपल्यालाच परकी होते, याच्याइतकं थकवणारं दुसरं काही नसतं. जत, अक्कलकोटकडच्या कानडी घरातल्या पोरांचंही हेच होतं, फक्त बाजू उलटी. तिथं त्यांच्या मराठीला हसतात आणि धारवाडला गेलं की त्यांच्या कानडीला.

बाबांनी काय चुकीचं केलं होतं? मी काय केलं होतं? काही नाही. तरी लाज पुरेपूर वाटली. म्हणून कुणी समोर बसून मान खाली घातली की मी पहिल्यांदा हे वेगळं करायला बघते, यात तुमच्या हातून काय झालंय आणि तुमच्यावर टाकलं काय गेलंय. काकूंचंच घ्या. तिसरं कर्ज काकांपासून लपवलं, हे त्यांच्या हातून झालं. ते सांगून टाकणं, फेडायची वाट काढणं हे त्यांचं काम. माग बंद पडले ते त्यांच्या हातून नाही. दारात माणसं बसवली तीही त्यांनी नाही. पहिल्या भागाला इलाज आहे. दुसऱ्या भागाचं त्या कुणाला काही देणं लागत नाहीत, मग तो फेडायचा कसला?

खातं उघडायच्या अर्जात वडिलांचं किंवा पतीचं नाव असा एक रकाना असतो. तिथं पेन थांबलेलं मी बघितलंय. आमच्याच जिल्ह्यात सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आहे. मुलींना देवाला सोडायच्या, देवदासी करायच्या प्रथेवर कर्नाटकाने १९८२ मध्ये कायदा करून बंदी आणली, पण तशा सोडलेल्या आयांची मुलं आता नोकरीला लागली, कर्ज मागायला येतात, आणि या एका रकान्यापाशी पंचविशीतला धडधाकट पोरगा घामाघूम होतो. आई-बापांच्या काळात कुणीतरी केलेल्या गोष्टीची लाज तो आपल्या खिशातून भरत असतो. मी हळूच सांगते, आईचं नाव घाला. ५ डिसेंबर २०१८ पासून पॅन कार्डाच्या अर्जातसुद्धा आई एकटी पालक असेल तर वडिलांचं नाव सक्तीचं राहिलेलं नाही. घटप्रभेला अशा बायकांनीच १९९७ मध्ये 'मास' ही आपली संघटना उभी केली. पूर्वी जे सांगायची चोरी होती ते त्या सभेत उभ्या राहून सांगायला लागल्या. एकीने सांगितलं की दुसरीला कळतं, ही माझ्या एकटीची गोष्ट नव्हती.

सांगणं, हाच यातला मोठा इलाज आहे असं मला ठामपणे वाटतं. पण कुणाला सांगायचं हे बघून. ऐकून जो "अगंबाई!" म्हणून छातीला हात लावतो, त्याला नको. "त्यात काय एवढं" म्हणून उडवून लावतो, त्यालाही नको. ऐकल्यावर जो "मग पुढं काय झालं?" असं विचारतो, त्याला सांगावं. काकूंनी काकांना सांगितलं तेव्हा मी तिथं होते. काका खूप वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "किती झालंय एकूण?" त्यांनी आकडा विचारला, आणि तिथून पुढं ते दोघांचं कर्ज झालं.

दुसरी गोष्ट, ज्या जागी लाज वाटली तिथं पुन्हा जाणं. बाबा त्या कार्यालयात परत गेले, पण अर्ज घरी आमच्या एका कामगाराकडून भरून घेऊन, आणि मागावरच्या आपल्या रांगड्या कानडीत बोलले. काम झालं. एवढंच.

आणि लाज सोसवेना झाली, जगण्यात काही राम वाटेना झाला, तर मात्र डॉक्टर. इथं आमच्या भागाची एक जुनी अडचण आहे. मनोरुग्णालय धारवाडला, त्यामुळं "ह्याला धारवाडला न्यायला पाहिजे" ही आमच्याकडची शिवीच होऊन बसलीय. कितीतरी माणसं त्या एका शिवीच्या भीतीने तासा-दोन तासांच्या वाटेवरच्या इलाजापर्यंत पोचत नाहीत. ज्याला धारवाडचं नावही नको वाटतं त्याने निदान १४४१६ फिरवावा. टेलि-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. फोन फुकट, दिवसरात्र चालू. हा नंबर मी काचेखाली, व्याजदराच्या तक्त्याशेजारीच लावून ठेवलाय. लाजणाऱ्याची नजर तिथंच जाते, हे मला माहीत आहे.

आमच्या संस्थेत थकबाकीदारांची नावं बाहेरच्या फळ्यावर लावायची पद्धत होती. ती बंद करा म्हणून मी संचालकांपुढं विषय मांडला. एक ज्येष्ठ संचालक म्हणाले, "लाज वाटली नाही तर भरतील कशाला, बाई?" प्रश्न रास्त होता, मी खाती काढून नेली होती. फळ्यावर नाव लागल्यावर किती जण काउंटरला आले, आणि रोजची बचत गोळा करणाऱ्या पिग्मीवाल्याने दुकानात गिऱ्हाईक नसताना बाजूला घेऊन विचारल्यावर किती आले. आकडे बघून ते काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात फळा उतरला. कर्जाचं बोलणं आता मागच्या खोलीत, दोन खुर्च्या टाकून होतं. पिग्मीवाल्यांना ताकीद आहे, थकबाकीचा विषय गिऱ्हाइकासमोर काढायचा नाही. जामीनदाराची नोटीस मात्र अजून पोस्टकार्डावर जाते. पोस्टमन वाचतो, शेजारी वाचतात, घरातली नवी सून वाचते. पाकिटाच्या खर्चाचा विषय मी पुढच्या सभेच्या पत्रिकेवर घातलाय.